मनाच्या जखमेचा दाखला

१८६५ सालच्या जून महिन्याची ९ तारीख होती. फोकस्टनहून लंडनकडे निघालेली आगगाडी केंट परगण्यातील स्टेपलहर्स्ट या गावाजवळच्या एका लहानशा पुलापाशी आली. पुलाची दुरुस्ती चालू होती, आणि मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचल्यामुळे त्या वेळी रूळ उचलून ठेवलेले होते. गाडीचे कित्येक डबे खाली नदीच्या पात्रात कोसळले. दहा माणसे दगावली, चाळीस जखमी झाली. एक डबा मात्र पुलाच्या कडेला लोंबकळत राहिला. त्यातून बाहेर पडलेला एक प्रवासी खाली उतरला आणि आपल्या उंच टोपीत पाणी आणून जखमींना पाजू लागला. काहींनी त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडले. तो प्रवासी म्हणजे विख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होय. त्याच्या अंगावर म्हणण्यासारखी जखम नव्हती. परंतु पुढे आगगाडीत बसले की त्याला एकाएकी भीती वाटू लागे, हातपाय कापू लागत. हा त्रास त्याला अखेरपर्यंत पुरला. आणि योगायोग असा की, १८७० साली ९ जून याच तारखेस त्याचा अंत झाला.

अशा माणसास व्याधी झाली आहे असे म्हणावे काय, हा वैद्याचा प्रश्न झाला. ती बरी कशी करावी, हाही वैद्याचाच प्रश्न. पण या दोहोंच्या जोडीला एक तिसरा प्रश्न नेहमीच उभा राहत आला आहे, आणि तो केवळ वैद्यांचा नाही. या माणसावर जो प्रसंग ओढवला, तो मनाला जखम करण्याइतका मोठा मानावयाचा की नाही? आज ज्याला आघातोत्तर तणाव-विकार म्हणतात, त्याच्या निदानाची पहिली पायरी हीच आहे. झोप उडणे, तो प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा टाळणे, बारीकशा आवाजाने दचकणे, ही सारी लक्षणे असली तरी मूळ प्रसंग ठरलेल्या व्याख्येत बसला नाही, तर त्या नावाचा दाखला मिळत नाही. ही व्याख्या गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली. तिच्या देवडीवर कधी रेल्वे कंपनी बसली, कधी विमा कचेरी, कधी लष्करी न्यायालय. आणि आत कोणास सोडावयाचे हे पुष्कळदा रोग्याच्या नाडीवरून न ठरता सरकारी खजिन्यावरून ठरले. त्या देवडीचा हा इतिहास आहे.

आगगाड्यांच्या अपघातांबरोबर इंग्लंडमध्ये नुकसानभरपाईचे दावे सुरू झाले. हाड मोडले असेल तर ते न्यायाधीशाला दाखविता येई. पण ज्याच्या शरीरावर खूण नाही आणि तरीही जो कामास निकामी झाला आहे, त्याचे काय? १८६६ साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिकसेन यांनी आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. गाडीच्या धक्क्याने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस सूक्ष्म इजा होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव त्यामुळे रूढ झाले आणि वादींच्या वकिलांना एक आधार सापडला. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्याचा प्रतिवाद केला. ते स्वतः एका रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य होते. कण्याला काहीही झालेले नसते, पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत भीती हेच कारण पुरेसे असते, असे त्यांचे म्हणणे पडले. कंपनीचा पैसा वाचावा हा या युक्तिवादाचा उपयोग होता. पण शरीराला स्पर्श न करता केवळ भीतीने माणूस आजारी पडू शकतो, हा पुढच्या काळात मान्य झालेला विचार त्यातच दडलेला होता.

जर्मनीत हाच वाद अधिक पद्धतशीरपणे चालला. तेथे १८८४ साली कामगारांच्या अपघात-विम्याचा कायदा झाला होता. १८८९ साली बर्लिनचे हेर्मान ओपेनहाइम यांनी अपघातजन्य मज्जाविकृतींवर ग्रंथ लिहिला, आणि साम्राज्याच्या विमा कचेरीने अशा रोग्यांना भरपाई देय असल्याचे मान्य केले. परंतु पहिले महायुद्ध पेटले आणि हजारो सैनिक कापत, मुके होऊन, आंधळे होऊन आघाडीवरून परत येऊ लागले, तेव्हा वारे फिरले. १९१६ साली म्यूनिक येथे भरलेल्या वैद्यांच्या परिषदेत ओपेनहाइम एकाकी पडले. रोग प्रसंगातून उद्भवत नाही, तो रोग्याच्या दुबळ्या प्रकृतीतून आणि निवृत्तिवेतनाच्या आशेतून उद्भवतो, हे मत विजयी झाले. १९२६ साली विमा कचेरीनेही आपला जुना निर्णय फिरविला. रोगी तेच होते आणि लक्षणेही तीच होती; दार तेवढे बंद झाले.

इंग्रजी सैन्यात याच सुमारास ‘शेल-शॉक’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत देऊन तो वैद्यकात आणला. जवळ फुटलेल्या तोफगोळ्याचा हा परिणाम असावा असा प्रथम समज होता. लवकरच दिसून आले की, पुष्कळ रोग्यांच्या जवळपास गोळा फुटलेलाच नव्हता. आणि मायर्स यांना स्वतःलाच तो शब्द नकोसा झाला. पण लष्करी कारभाराला वर्गवारी हवी होती. म्हणून अशा रोग्यांचे दोन वर्ग करण्यात आले. ज्याचा विकार शत्रूच्या माऱ्याशी थेट जोडता येईल तो ‘जखमी’. बाकीचा नुसता ‘आजारी’. पहिल्याला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई आणि निवृत्तिवेतनावर हक्क सांगता येई. दुसऱ्याला यांपैकी काही नाही. १९१७ साली याही पुढचे पाऊल पडले. आघाडीवरील वैद्यांनी ‘शेल-शॉक’ हा शब्द लिहूच नये, ‘अद्याप निदान न झालेला मज्जाविकार’ एवढेच लिहावे, असा हुकूम सुटला. आणि सैनिक खरोखर असाधारण माऱ्यात सापडला होता की नाही, याचा खुलासा त्याच्या पलटणीच्या अधिकाऱ्याकडून एका छापील नमुन्यावर मागविण्यात येऊ लागला. वैद्याने रोगी तपासावा आणि रोगाचे कारण मात्र सेनाधिकाऱ्याने प्रमाणित करावे, अशी ती व्यवस्था होती.

ज्यांना हा दाखला मिळाला नाही, त्यांच्यापैकी काहींना त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागली. वेस्ट यॉर्कशायर पलटणीतील शिपाई हॅरी फार १९१५ साली शेल-शॉकमुळे अनेक महिने रुग्णालयात होता. बरा झाला असे समजून त्यास पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले. १९१६ च्या सप्टेंबरात त्याने पुढे जाण्यास नकार दिला. भेकडपणाच्या आरोपावरून त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, तो अर्ध्या तासाच्या आतच आटोपला, आणि १६ ऑक्टोबर रोजी पहाटे त्यास गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या विधवेला निवृत्तिवेतनही नाकारण्यात आले. युद्धानंतर नेमलेल्या सरकारी समितीने १९२२ साली अहवाल सादर केला आणि ‘शेल-शॉक’ हा शब्दच टाकून द्यावा अशी शिफारस केली. शब्द गेला म्हणून रोगी गेले नाहीत. त्या सुमारास साठ हजारांच्या घरात माजी सैनिक मज्जाविकारांसाठी निवृत्तिवेतन घेत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्न अधिकच बिकट झाला. अमेरिकन मनोवैद्य संघटनेने १९५२ साली आपली पहिली निदानपुस्तिका काढली. तीत युद्ध किंवा महान आपत्ती यांतून उद्भवणाऱ्या ‘तीव्र तणाव-प्रतिक्रिये’ला जागा होती, पण ती तात्पुरती असते, ओसरली नाही तर रोग निराळाच समजावा, असा त्यामागचा सिद्धांत होता. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तेही नाव गळले. उरली ती ‘प्रौढ वयातील समायोजन-प्रतिक्रिया’. आणि रणांगणावरील सैनिकाचे कापणे व लपणे हे तिचे एक उदाहरण म्हणून दिले गेले. नेमक्या त्याच वर्षी व्हिएतनाममधील युद्ध भरात आले होते.

तिकडे पश्चिम जर्मनीत नाझी छळछावण्यांतून वाचलेली माणसे भरपाईसाठी अर्ज करीत होती. अर्जदाराचा आजार छावणीमुळेच झाला, की तो मूळ प्रकृतीचा दोष आहे, याची तपासणी होई. आणि कित्येक तज्ज्ञ जुन्याच सिद्धांताला चिकटून, निकोप प्रकृतीचा माणूस कोणत्याही आघातातून काही काळाने सावरतो, असा अभिप्राय देत. व्हिएन्नात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले मनोविश्लेषक कुर्ट आइसलर यांनी या वृत्तीवर १९६३ साली लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नरूप होते. माणसाची प्रकृती निकोप ठरावयाची, तर त्याने आपल्या किती मुलांची हत्या एकाही लक्षणावाचून सोसावयास हवी, असे त्यांनी विचारले होते. या प्रश्नाला कोणत्याही नियमावलीत उत्तर नव्हते. आउश्वित्झमधून स्वतः वाचलेले नॉर्वेचे लिओ आइटिंगर यांनी तर वाचलेल्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवून दिले की, काळाने भरून न येणाऱ्या जखमाही असतात.

अमेरिकेतही दार ठोठावणारे वाढू लागले. १९६९ साली बोस्टनमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सारा हेली ही समाजसेविका नुकतीच कामावर रुजू झाली होती. एका सैनिकाने तिला सांगितले की, त्याच्या तुकडीने व्हिएतनाममधील एका खेड्यात बायकामुलांची कत्तल केली आणि वाच्यता केलीस तर ठार मारू अशी धमकी सोबत्यांनी त्याला दिली. रुग्णालयातील जाणत्यांनी त्या कथनाला भ्रम ठरविले आणि छिन्नमनस्कता असे निदान केले. ते खेडे माय लाय होते. थोड्याच दिवसांत त्या कत्तलीची वार्ता जगभर पसरली. पुढे हेलीने अशा रोग्यांवर लेख लिहिला आणि नव्या निदानासाठी झटणाऱ्यांना ती सामील झाली. कायिम शाटान आणि रॉबर्ट लिफ्टन हे मनोवैद्य न्यूयॉर्कमध्ये परतलेल्या सैनिकांच्या बैठकींना बसत होते. १९७४ साली बोस्टनमध्येच अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रियांच्या लक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले. रणांगण आणि घराचा उंबरठा यांतले अंतर कितीही असो, रोग्यांची गाऱ्हाणी एकमेकांशी जुळत होती.

या सर्वांतून १९८० साली निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर तणाव-विकार हे नाव अवतरले. त्यातील क्रांतिकारक गोष्ट नावाहून निराळी होती. जवळजवळ कोणत्याही माणसास ज्याने तीव्र क्लेश होतील असा प्रसंग, हे रोगाचे कारण म्हणून प्रथमच मान्य झाले. दोषाचा भार रोग्याच्या प्रकृतीवरून प्रसंगावर आला. युद्ध, बलात्कार, यातना, छळछावण्या, भूकंप, पूर, भीषण अपघात हे आत आले. धंद्यातील तोटा, जुनाट आजार, संसारातील कलह आणि साधा वियोग हे बाहेर राहिले. मात्र असा प्रसंग सामान्य मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरचा असतो, असे एक वाक्यही त्यासोबत आले, आणि १९८७ च्या सुधारित आवृत्तीत ते निकषातच जाऊन बसले. त्याच वाक्यावर पुढे घाला पडला. घरात नित्य मार खाणाऱ्या स्त्रीचा, जवळच्या नातेवाइकाकडून भ्रष्ट होणाऱ्या मुलाचा अनुभव असामान्य कोठे आहे? तो तर दुर्दैवाने फार सामान्य आहे. जुडिथ हर्मन यांच्यासारख्या विदुषींनी हा मुद्दा लावून धरला. वारंवार घडते म्हणून दुःख कमी भरत नाही, हे मान्य व्हावयास १९९४ साल उजाडले.

त्या वर्षीच्या चौथ्या आवृत्तीने ‘असामान्य’ हा शब्द काढला आणि दार बरेच रुंद केले. मृत्यू, गंभीर इजा किंवा देहाच्या अखंडतेला धोका असा प्रसंग माणसाने भोगला, पाहिला किंवा आप्तांविषयी ऐकला तरी पुरे झाले. मात्र त्या वेळी त्याला तीव्र भय, असहायता किंवा थरकाप जाणवला पाहिजे, अशी अट पडली. एका अमेरिकन पाहणीत असे आढळले की, या रुंदीकरणाने व्याख्येत बसणाऱ्या प्रसंगांची संख्या ५९ टक्क्यांनी वाढली. आता दार फार उघडे पडले, अशी ओरड सुरू झाली. उलट भयाची अट काहींना जाचक ठरली. कारण प्रसंगाच्या वेळी शिकवणुकीप्रमाणे शांतपणे काम करणारा सैनिक किंवा अग्निशामक नंतर महिन्यांनी कोसळतो. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ती अट रद्द केली आणि दाराची चौकट पुन्हा आखून घेतली.

आजची ही चौकट एखाद्या गावावर ठेवून पाहिली म्हणजे नीट कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे झोपेतच गाडली गेली. सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या माणसाचा अनुभव निकषात बसतो. मृत्यू त्याला स्पर्शून गेलेला असतो. शेजारचे घर कोसळताना आणि त्यातली माणसे मरताना ज्याने समक्ष पाहिले, त्याचाही बसतो. दूर मुंबईच्या गिरणीत असलेल्या मुलाला आईबाप दगडांखाली गेल्याचे कळले, तर तोही आत येतो. कारण जवळच्या माणसाचा मृत्यू अपघाती वा हिंसक असेल तर ते ऐकणेही पुरते. दिवसामागून दिवस प्रेते उचलणारा जवान किंवा पोलीस शिपाई चौथ्या वाटेने आत येतो; कामाच्या ओघात भीषण तपशिलांशी पुनःपुन्हा गाठ पडणे, ही ती वाट. परंतु दूरदर्शनवर तीच दृश्ये पाहून ज्याची झोप उडाली, त्याचा अनुभव बसत नाही. आणि पुढे अवर्षणात पीक गेले, सावकाराचे कर्ज चढले, म्हणून ज्याचे मन खचले, तो शेतकरीही या दारातून आत जात नाही. या भूकंपातून वाचलेल्यांविषयी भारतीय डॉक्टरांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हा विकार आणि विषाद यांचा ठळक आढळ झाला.

जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने एवढी काटेकोर यादी दिलेली नाही. अत्यंत धोक्याचा किंवा भयंकर प्रसंग, अथवा अशा प्रसंगांची मालिका, एवढे सांगून बाकीचे वैद्याच्या विवेकावर सोपविले आहे. दीर्घकाळचा छळ, गुलामगिरी, घरातील सततची मारहाण, बालपणीचे अत्याचार यांतून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीच्या प्रकारालाही तिने स्वतंत्र नाव दिले. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकार ठरविताना राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय मान्यतेची, जागतिक संघटनेच्या वर्गवारीसह, मानके पाळावयास सांगितले आहे. म्हणजे जिनिव्हात आखलेली ही रेषा लातूरच्या रुग्णालयापर्यंत पोहोचते.

चौकट असू नये, असे या इतिहासावरून म्हणता येत नाही. प्रत्येक खेदाला आघात म्हटले तर आघात या शब्दाला अर्थ उरणार नाही, आणि ज्याला मदतीची निकड आहे तो गर्दीत हरवेल. पण दोन गोष्टी या इतिहासातून निःसंशय दिसतात. पहिली अशी की, प्रसंग निकषात बसला म्हणजे रोग झालाच असे नव्हे. भीषण प्रसंगातून गेलेली बहुतेक माणसे काळाने सावरतात. दुसरी अशी की, प्रसंग निकषात बसला नाही म्हणजे दुःख खोटे ठरत नाही. त्या दुःखाला समायोजनाचा विकार, विषाद, दीर्घकालीन शोकविकार अशी दुसरी नावे आहेत आणि त्यांवर उपचारही आहेत. एका दारावरून परत पाठविलेल्या माणसाला दुसरे दार दाखविणे हे देवडीवर बसणाऱ्याचेच कर्तव्य आहे.

१९४७ साली फाळणीने एक कोटीहून अधिक माणसे घरातून उखडली. भारत सरकारने १९५० आणि १९५४ साली निर्वासितांच्या दाव्यांसाठी कायदे केले. मागे राहिलेली घरे आणि जमिनी यांची पडताळणी झाली, मोबदल्याचे दर ठरले. त्या कारभाराने लाखो संसार पुन्हा उभे केले, यात संशय नाही. परंतु ज्यांनी वाटेत आपली मुले गमावली, ज्यांनी गाड्या भरून आलेली प्रेते पाहिली, त्यांच्या त्या अनुभवासाठी दाव्याच्या कागदावर रकाना नव्हता.  ती माणसे ते मनात घेऊन जगली आणि बहुतेक न बोलताच गेली.

हॅरी फारच्या कुटुंबाने मात्र बोलणे सोडले नाही. तीन पिढ्या त्याचा पाठपुरावा चालला. अखेर २००६ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून पहिल्या महायुद्धात गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना क्षमा केली. त्यांत फारचे नाव आहे. शिक्षा रद्द झाली नाही, पण तो युद्धाचा बळी होता एवढे कागदावर आले. १९१५ साली ज्या रुग्णालयाने त्याला महिनोन्‌महिने ठेवून घेतले होते, त्याला हे ठाऊकच होते.